देव दयाळू आहे, मग हे का?

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, पहिल्याच पादात, खुद्द ईश्वराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. आरोप दोन: वैषम्य आणि नैर्घृण्य. कुणाला सुखात लोळवायचे आणि कुणाला जन्मभर कण्हत ठेवायचे, हा पक्षपात झाला; आणि जीवांना एवढे दुःख भोगायला लावून शेवटी सगळ्यांचा संहार करायचा, हा निर्दयपणा झाला. हे आरोप देवनिंदकांचे म्हणून झटकून टाकलेले नाहीत. ज्यांना ब्रह्माची सिद्धता करायची होती त्यांनीच ते पूर्वपक्ष म्हणून मांडले आणि उत्तर देण्याची जबाबदारी अंगावर घेतली. शंकराचार्यांचे भाष्यातले उत्तर प्रसिद्ध आहे. ईश्वर पावसासारखा, पाऊस सगळ्या रानावर सारखाच पडतो, त्यातून भात उगवणार की जव, ते बियाण्यावर ठरते. जीवाचे कर्म हे ते बियाणे. मग पहिले कर्म कुठून आले, असे कुणी विचारील म्हणून पुढच्याच सूत्रात सांगून टाकले आहे की संसार अनादी आहे, पहिले असे काही नाहीच.

या देशातल्या बहुतेकांनी शतकानुशतके याच उत्तरावर दिवस काढले. तर्क म्हणून ते भक्कम आहे, हे मान्य करायला हवे. ईश्वराच्या दयेला धक्का लागत नाही आणि जगात न्याय आहे असेही म्हणता येते. या पुस्तकाचा वाद त्या तर्काशी कमी आहे. ते उत्तर भाष्यातून खाली उतरून आजाऱ्याच्या खाटेपाशी आले तेव्हा त्याने काय केले, हे मला पाहायचे होते. पाहिल्यावर गप्प बसवेना, म्हणून हे लिहिले.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पापाने कोणता रोग होतो याची यादीच आहे. ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय होतो, गुरुपत्नीशी व्यभिचार करणाऱ्याची कातडी बिघडते, सोने चोरणाऱ्याची नखे किडतात, दारू पिणाऱ्याचे दात काळे पडतात. १८८२ च्या मार्चमध्ये रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनच्या सभेत क्षयाचा जंतू जाहीर केला. त्याआधी नऊ वर्षे, १८७३ मध्ये, नॉर्वेत हान्सेन यांना कुष्ठरोगाचा जंतू सापडला होता. म्हणजे कारण कळून दीडशे वर्षे होत आली. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग सहा ते बारा महिन्यांत बरा होतो आणि ती औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तरीही जोडीदाराचा कुष्ठरोग हे आपल्या कायद्यात घटस्फोटाचे कारण होते, ते २०१९ सालापर्यंत. जंतू मरतो, पापाचा शिक्का राहतो.

वरोऱ्याच्या पावसात गटाराकडेला पडलेल्या कुष्ठरोगी तुळशीरामला पाहून मुरलीधर देविदास आमटे आधी भेदरून पळाले आणि मग परत आले, ही हकिगत मराठी वाचकाला पाठ आहे. त्यातूनच पुढे १९५१ मध्ये आनंदवन उभे राहिले. माझे लक्ष मात्र आमट्यांच्या आधी त्या रस्त्याने गेलेल्या माणसांकडे जाते. कुष्ठरोग्यांना घराबाहेर काढणारे, त्यांना ओलांडून जाणारे लोक सगळेच काही दुष्ट नव्हते. त्यांतले कित्येक देवभोळे असतील, मुंग्यांना साखर घालणारे असतील. पण त्यांच्यापाशी एक तयार उत्तर होते: ज्याचे त्याने फेडायचे असते. हे उत्तर हाताशी असले की खाली वाकण्याची गरज उरत नाही. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तावर नेमके हेच बोट ठेवले आहे: गोरगरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, एवढाच त्याचा उपयोग. मला हे निदान अचूक वाटते, आणि ते आजारालाही तितकेच लागू आहे.

मोठ्या मनाची माणसेही या वाटेने घसरतात. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वराने केलेली शिक्षा आहे, असे त्यांनी जाहीर सांगितले. रवींद्रनाथ टागोरांनी कडक शब्दांत विरोध नोंदवला, आणि गांधीजींनी तो आपल्याच ‘हरिजन’मध्ये छापला. टागोरांचे म्हणणे साधे होते: भौतिक घटनेची कारणे भौतिक असतात, आणि पापपुण्याचा हिशेब त्यात घातला तर उद्या विरोधकही हाच भूकंप आमच्या नावावर मांडतील. हेतू कितीही चांगला असो, ढिगाऱ्याखाली मेलेल्या मुलांना कुणाच्या तरी पापाचा पुरावा करणे चूकच. या प्रकरणात टागोर बरोबर होते याबद्दल मला शंका नाही. पण याच गांधीजींनी पुढे सेवाग्राममध्ये कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींना आश्रमात ठेवून घेतले, त्यांच्या जखमा स्वतः धुतल्या, अंगाला मालीश केले. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित. कर्मविपाक त्यांना ठाऊक नसेल असे कसे होईल? त्यांच्या झोपडीत गांधीजी रोज जात, ते तेलाची वाटी घेऊन.

ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाचा सर्वांत धीट ग्रंथ म्हणजे ईयोबाचे पुस्तक. सज्जन, देवभीरू माणूस. एका दिवसात गुरेढोरे जातात, मुलेबाळे जातात, मग अंगभर गळवे उठतात आणि तो राखेत बसून खापरीने अंग खाजवतो. तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक अक्षर बोलत नाहीत. तिथवर त्यांचे वागणे निर्दोष आहे. मग ते बोलू लागतात, आणि पान उलटावे तसे वाचकाला ते नकोसे होतात, कारण तिघांचे म्हणणे फिरून फिरून एकच: तू काहीतरी पाप केले असले पाहिजेस. ईयोब ऐकत नाही. तो देवालाच जाब विचारतो, त्याच्यावर खटला भरू पाहतो. शेवटी वावटळीतून देव बोलतो. सृष्टी किती अफाट आहे ते दाखवतो, पण ईयोबाला कारण सांगत नाही. मात्र एक निवाडा तो देतो. माझ्याविषयी खरे बोलला तो ईयोब. तुम्ही तिघे नव्हे. देवाची बाजू मांडणारे खोटे ठरले आणि देवाशी भांडणारा खरा ठरला. या निवाड्याने माझ्या विचाराला जेवढी दिशा दिली तेवढी दुसऱ्या कशानेही दिली नाही.

ईयोबाचे पुस्तक हिब्रूतून मराठीत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई आहेत. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक; सारे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत पुराणे सांगे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी होते नव्हते ते दानधर्मात, अनुष्ठानांत, उपासतापासांत घातले. देव काही प्रसन्न झाला नाही. वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी देश तुडवत कलकत्त्यापर्यंत पोहोचले. पुढे ख्रिस्ती झाल्यावर रमाबाईंनी संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर एकहाती केले. ईयोबाच्या राखेत बसण्याचे वाक्य लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे काय आले असेल, हे त्यांनी सांगितलेले नाही आणि आपण ते रचू नये. पण त्यांनी काय केले ते सर्वांना माहीत आहे. १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या, भुकेने मरायला टेकलेल्या शेकडो मुली आणि बायका घेऊन आल्या आणि केडगावला त्यांना आसरा दिला. दुष्काळ देवाने का पाडला याचा खल त्यांनी केला असेल तर तो धान्य पोहोचल्यानंतर.

आता दुसरी उत्तरे. माणसाला स्वातंत्र्य दिले, त्याने त्याचा दुरुपयोग केला, म्हणून दुःख आले, असे एक म्हणणे आहे. युद्धे, दंगली, हुंडाबळी, जातीपायी होणारे खून यांना ते लागू पडते. रोगाला पडत नाही. दुःखाने माणूस घडतो, आत्मा तावून सुलाखून निघतो, असे दुसरे म्हणणे. विसाव्या शतकात जॉन हिक यांनी ते फार बारकाईने मांडले. त्यात तथ्य आहे, पण तीन महिन्यांच्या अर्भकाचा कोणता आत्मा कर्करोगाने घडतो? लायब्निझ यांनी १७१० मध्ये लिहिले की शक्य असलेल्या सर्व जगांत हे जग सर्वोत्तम आहे. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी, सणाच्या प्रार्थनेसाठी चर्च भरलेली असताना, लिस्बन शहर भूकंपाने कोसळले, आणि व्हॉल्टेअरच्या टीकेनंतर ते वाक्य पुन्हा तितक्या विश्वासाने कुणाला लिहिता आले नाही. या सर्व मतांची चर्चा पहिल्या चार प्रकरणांत आहे. इथे तिचा विस्तार करत नाही.

एक प्रसंग मात्र सांगतो. विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात ओपीडीबाहेरच्या बाकावर एक आई बसली होती. मांडीवर सात-आठ वर्षांचा मुलगा, सिकलसेलचा. हातापायांची हाडे ठणकत होती. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. ती त्याच्या पोटऱ्या चोळत होती आणि मधूनमधून बाटलीतले पाणी पाजत होती, कारण अंगात पाणी कमी पडले की दुखणे उठते हे तिला डॉक्टरांनी सांगितले होते. शेजारच्या बाईने आपुलकीने चौकशी केली, पिशवीतली दोन केळी काढून मुलाच्या हातात दिली आणि हळहळून म्हणाली, “काय भोग घेऊन आलं गं लेकरू!” आई काही बोलली नाही. तिचा चोळणारा हात तेवढा थांबला.

सिकलसेलची गोष्ट अशी. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल जाऊन दुसरे येते. बदल एवढाच. पण त्यामुळे प्राणवायू कमी झाला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. तो ठणका तिथला. हे जनुक आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हींकडून आले तर आजार होतो. एकाकडूनच आले तर माणूस वाहक असतो, बहुधा धडधाकट असतो, आणि शिवाय त्याला हिवतापाच्या जीवघेण्या प्रकारापासून बरेच संरक्षण मिळते. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवले. म्हणून जिथे डास आणि हिवताप फार, तिथे हे जनुक टिकले: आफ्रिकेत, भूमध्य समुद्राच्या काठी, आणि आपल्याकडे गडचिरोली-चंद्रपूरपासून नंदुरबारपर्यंत. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक.

म्हणजे ज्या बदलाने हिवतापाच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या लेकरे जगवली, त्याच बदलाने या मुलाची हाडे ठणकतात. यात कुणाचे पाप नाही. शिक्षा नाही, परीक्षा नाही. नियम आहे, आणि तो नियम आंधळा आहे. जो कोणी हे जग देवाचे आहे असे मानतो, त्याला हा नियमही देवाच्याच पदरात घालावा लागतो. मी देव मानतो. रोज सकाळी हात जोडतो. असल्या नियमाशिवाय जीवसृष्टीच झाली नसती, बदलाची तीच मोकळीक आपल्याला माणूस करून गेली, हे मला बुद्धीला पटते. तरी त्या बाकासमोर उभे राहून हे वाक्य उच्चारण्याची माझी छाती नाही. आणि जे वाक्य त्या आईसमोर उच्चारता येत नाही ते उत्तर म्हणून धरायचे नाही, ही कसोटी मी या पुस्तकभर लावली आहे.

या कसोटीला लगेच हरकत घेतली जाईल. संतांनीच दुःखाचे स्वागत केले, त्याचे काय? कुंतीने कृष्णाकडे विपत्ती मागितल्या, कारण विपत्तीत त्याचे दर्शन घडते. तुकोबांचे उदाहरण तर आणखी जवळचे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने देहूचे हे सुखवस्तू वाण्याचे घर धुऊन काढले. दुकान बसले, गुरे गेली, थोरली बायको रखमा अन्न अन्न करत गेली, मुलगा संतू गेला. आणि तुकोबांनी पुढे अभंगात देवाला सांगितले की हे सगळे बरेच झाले. दिवाळे निघाले, दुष्काळाने पिडले, बायकोमुलांचा पाश तुटला, म्हणून तुझी आठवण राहिली. हे वाचून आजही काटा येतो. पण तुकोबांनी हे कुणाच्या दुःखाविषयी म्हटले? स्वतःच्या. शेजारच्या घरात मूल मेले तेव्हा त्यांनी जाऊन ‘बरे झाले’ असे सांगितल्याचे कुणी ऐकलेले नाही. देणेकऱ्यांच्या बाबतीत त्यांनी काय केले ते मात्र परंपरेने जपून ठेवले आहे: कर्जाची खातेपत्रे काढली, भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. स्वतःच्या दुष्काळात देवाची कृपा पाहिली. इतरांच्या दुष्काळात त्यांची देणी माफ केली. या दोन गोष्टी एकाच माणसाने केल्या, आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या, हे माझ्या लेखी त्यांच्या थोरवीचे मोठे प्रमाण आहे.

माझे म्हणणे इथे सगळे आले. आपल्या दुःखाला अर्थ देण्याचा अधिकार ज्याचा त्याचा आहे. कर्करोगातून उठलेली बाई ‘या आजाराने मला देव भेटला’ म्हणाली तर तिच्यापुढे मान लवावी. तेच वाक्य दुसऱ्याने तिच्यावर घातले तर तो जुलूम होतो, मग ते घालणारा कीर्तनकार असो, फादर असो, नाही तर प्रेमळ मावशी. चोखोबांनी आपल्या हीन मानलेल्या जन्माचे कारण पूर्वजन्मीच्या कर्मात शोधले. त्यांचा मुलगा कर्ममेळा याने ते साफ नाकारले. आम्हाला असला जन्म देऊन तुला लाज कशी वाटत नाही, अशा भाषेत त्याने विठ्ठलालाच धारेवर धरले. वारकऱ्यांनी बापाचे अभंग ठेवले आणि मुलाचेही ठेवले. पंढरपूरच्या परंपरेत देवाशी कडाक्याचे भांडण भक्तीत मोजले जाते. ज्यांना वाटते की ‘का?’ असे विचारणे म्हणजे श्रद्धा ढळणे, त्यांनी नामदेव, जनाबाई, तुकोबा यांची गाथा पुन्हा उघडावी.

प्लेगवरचे प्रकरण लिहायला मला सर्वांत जड गेले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात पोहोचला. उंदरांवरच्या पिसवांमधून तो पसरतो हे पॉल लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये शोधले, तोवर देवीचा कोप, सरकारचा कोप, पापाचा घडा, सगळी कारणे सांगून झाली होती. जोतीराव फुले तेव्हा हयात नव्हते. त्यांचा निर्मीक, म्हणजे सृष्टिकर्ता, दयाळू होता, सर्व लेकरांना सारखा होता, आणि दुःखाचे मूळ त्यांनी माणसांच्या कपटात दाखवले होते. पिसवांत कपट नसते. सत्यशोधकाच्या त्या श्रद्धेपुढे प्लेगने अवघड प्रश्न टाकला होता. सावित्रीबाईंनी त्यावर निबंध लिहिला नाही. डॉक्टर झालेल्या दत्तकपुत्र यशवंताला बोलावून घेतले, हडपसरजवळच्या माळावर दवाखाना सुरू केला, मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन तिथवर आणले, त्यात त्यांना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

विनयपिटकात एक कथा आहे. हगवणीने आजारी झालेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता आणि सोबतचे भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. का, तर तो त्यांच्या काही उपयोगी पडत नसे. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर निजवले. मग इतरांना बोलावून सांगितले की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहील? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. हा बुद्ध कर्म मानत होता. त्या भिक्खूच्या मागच्या जन्माची चौकशी त्याने केली नाही.

दयाळू देवाने रोग का निर्माण केले, या प्रश्नाचे उत्तर या पुस्तकात मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. काही चुकीची उत्तरे का सोडून द्यावीत, हे मिळेल. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या वाचकांनी, देव न मानणाऱ्यांनी, आणि मधेच कुठेतरी उभ्या असलेल्यांनी आपापले आक्षेप प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर कळवावेत. सविस्तर पत्रांना मी उत्तर देईन.

ज्यांच्या घरात आज कुणी आजारी आहे त्यांनी मात्र पहिली सहा प्रकरणे बाजूला ठेवावीत आणि शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. तिथे कारणमीमांसा नाही. उपयोगाची माहिती आहे. गावाहून टाटा हॉस्पिटलात आलेल्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या माणसांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरता येते. अंगावर बधिर चट्टा दिसला तर सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे. आणि विदर्भात, खानदेशात ज्यांच्या घरी लग्न ठरते आहे त्यांनी मुलाची आणि मुलीची सिकलसेलची रक्ततपासणी आधी करून घ्यावी.